दिलगिरीचा कागद

मांडवी, रत्नागिरी
५ ऑक्टोबर १९३१

तीर्थरूप भिकूमामांना मथुरेचा नमस्कार.

आगबोटी सुरू होऊन महिना झाला तरी तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. आप्पांचा गुडघा तसाच आहे. बंदरावर जाता येत नाही, तेव्हा दिवसभर घरापुढच्या खळ्यात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांच्या शिडांना नावं ठेवतात. म्हणजे तब्येत उत्तम.

माझं मात्र ठीक नाही. शाळेत एक प्रकरण उभं राहिलं आहे आणि विचारायला तुमच्याशिवाय माणूस नाही. सत्तावीस वर्षं तुम्ही मुंबईच्या कोर्टात भाषांतर करता. कुठला शब्द कुठे धरावा नि कुठे सोडावा, हे तुम्हाला कळतं.

आमच्या मुलींच्या शाळेत महारवाड्यातल्या तीन मुली येतात. त्या पडवीत बसतात. तिथून खिडकीतून फळा अर्धाच दिसतो. त्यांची पाटी तपासायची तर त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवायची, आम्ही छडीच्या टोकाने ओढायची, वाकून बघायची आणि छडीनेच परत लोटायची. दोन वर्षं मीही हेच केलं. ते आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला उगाच मोठी समजाल.

तिघींत काशी म्हणून आठ वर्षांची एक आहे. हुशार आहे, पण ‘ळ’ तिला काही केल्या जमेना. त्याची दोन वाटोळी तिच्या हातून दोन दिशांना पळत. मागल्या मंगळवारी मी छडीने पाटी लोटली ती पायरीवरून खाली गेली आणि फुटली. काशी रडली नाही. तिने तुकडे गोळा केले, त्यातल्या मोठ्या तुकड्यावर पुन्हा ‘ळ’ काढला आणि तो तुकडा आणून उंबऱ्यावर ठेवला.

मामा, मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी बाहेर गेले, तिच्याशेजारी खाली बसले, तिचा हात हातात घेतला आणि ‘ळ’ गिरवला. पाच वेळा. मग तिघींना आत आणून पहिल्या ओळीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा कमिटीचे अध्यक्ष सखारामपंत आले. मला म्हणाले, “बाई, सुधारणा आम्हालाही हवी आहे. पण ती कमिटीच्या ठरावाने होते, तुमच्या लहरीने नाही.” आणि एक मसुदा पुढे ठेवला: ‘घडल्या प्रकाराबद्दल मला दिलगिरी वाटते, व पुनः असे होणार नाही.’ पंधरा दिवसांत सही केली नाही तर मला कामावरून काढणार.

काढलं तर काय, हे तुम्हाला सांगायला नको. पालीला धाकटे दीर महिपतराव वाटच बघत आहेत. माझं कपाळ पांढरं झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. “वहिनीची जागा चुलीपाशी,” हे त्यांनी दिवस घालायच्या आधीच सांगितलं होतं. तिथून उचलून तुम्ही मला ट्रेनिंग कॉलेजात घातलंत. ती नोकरी मला घालवायची नाही. पण काशीचा हात धरल्याची दिलगिरीही मला वाटत नाही. तेव्हा काय लिहू ते सांगा.

तुमची,
मथुरा

*

गिरगाव, मुंबई
१० ऑक्टोबर १९३१

चिरंजीव मथुरेस भिकाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तू केलेस ते योग्य की अयोग्य, याचा निकाल मी देत नाही. मी निकाल देणाऱ्याच्या पायाशी बसणारा माणूस आहे. परंतु शब्दांचे विचारलेस, म्हणून लिहितो.

दिलगीर हा शब्द फारशीतून आला. दिल म्हणजे हृदय, गीर म्हणजे पकडलेले. ज्याचे हृदय कोणी मुठीत आवळले आहे, तो दिलगीर. आमच्या आजोबांच्या दप्तरातले मोडी कागद मी वाचलेले आहेत. कोणी वारले, गलबत बुडाले, की त्यात लिहिलेले असते, ‘वर्तमान ऐकोन बहुत दिलगीर जाहलों.’ यात माफी कोठे आहे? अपराध कोठे आहे? निव्वळ दुःख आहे. पुढे इंग्रज आला. चुकीबद्दल सभ्यपणे वाईट वाटून घेण्याचा एक शब्द त्याच्या कागदोपत्री पावलोपावली असे. त्याला मराठी प्रतिशब्द हवा होता. आम्ही भाषांतरकारांनी हा दिलगीर धरून आणला आणि तेथे उभा केला. मी स्वतः हजार वेळा केला असेन. आता लोकांस वाटते, दिलगीर म्हणजे मान खाली घातलेला.

असे पुष्कळ शब्दांचे झाले आहे. संस्कृतात राग म्हणजे रंग, प्रीती. आपण मराठीत रागाने भांडी आपटतो. लोभ म्हणजे हाव. आपण पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहून वडीलधाऱ्यांकडे त्यांची हावच मागतो! मुसलमानी मुलखात हवस म्हटले तर शरमेची वासना. आपल्याकडे पोरीबाळींस सणाची हौस असते, आणि कोणी वाईट मानीत नाही. शब्दांना जागा बदलण्याची मुभा आहे. माणसाने नोकरी बदलू नये.

म्हणून तू असे लिही: ‘घडल्या प्रकाराने मी दिलगीर आहे. असा प्रकार पुनः घडू नये, अशी माझी इच्छा आहे.’ तुझ्या मनात प्रकार म्हणजे छडीने पाटी लोटणे. तेणेकरून तुझे हृदय आवळले. ते पुनः घडू नये. एकही अक्षर खोटे नाही. सखारामपंत आपल्या सोयीचा अर्थ घेतील. त्यांस कागद मिळेल, तुला शाळा राहील.

आप्पांना गुडघ्यास निरगुडीचा शेक घ्यावयास सांग.

तुझा मामा,
भिकाजी

*

मांडवी
२४ ऑक्टोबर १९३१

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच्या तसं लिहून दिलं. लिहिताना मला हुशारी वाटली, हे कबूल करते. सखारामपंतांनी कागद वाचला, हसले, घडी करून खिशात घातला. मला वाटलं, सुटले.

काल शाळा भरताना त्यांनी सगळ्या मुलींना अंगणात उभं केलं. बऱ्याच जणींचे बापही बोलावून आणले होते. कागद मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “तुमच्या बाईंनी झाल्या गोष्टीची माफी मागितली आहे. आता सगळं पूर्वीसारखं चालेल.” त्यांनी शब्दाची फारशी फोड केली नाही, मामा. कुणीच केली नाही. वर्गात गेल्यावर मोठ्या बाईंनी छडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिघींतल्या दोघी उठून आपण होऊनच पडवीत गेल्या. काशी पडवीतही बसली नाही. दप्तर डोक्यावर ठेवून फाटकाबाहेर चालती झाली.

संध्याकाळी तिची आई सोनूबाई आली. ती गवताचे भारे वाहते. आमच्या दगडी गडग्याच्या पलीकडे भारा टेकवून उभी राहिली. मी म्हटलं, “आत या.” ती आली नाही.

“बाय, तुमी माफी मागितलीव म्हनत्यात. खरं हाय?”

मी म्हटलं, “नाही. मी दिलगीर आहे असं लिहिलं.”

“म्हंजे?”

मी सांगायला लागले. फारशी, हृदय, मूठ, मोडी कागद. ती सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “बाय, मना फारशी नाय येत. तुमी माज्या पोरीचा हात धरलाव. त्यो चुकून धरलाव का जानून धरलाव, येवढंच सांगा. पोर मना इचारतेय.”

“जाणून,” मी म्हटलं.

“मग त्ये त्यांना सांगा. मना कशाला सांगताव?”

भारा उचलून गेली. मामा, माझ्या मनात काय आहे ते मला माहीत, तुम्हाला माहीत. ज्या पोरीच्या पायी हे सगळं झालं तिलाच ते माहीत नसेल, तर त्या हुशारीचं मी काय करू? मी तो कागद मागे घेणार आहे.

मथुरा

*

गिरगाव
३० ऑक्टोबर १९३१

चि. मथुरेस आशीर्वाद.

असे काहीएक करू नकोस. दिलेला कागद मागे घेणे म्हणजे न दिल्यापेक्षा वाईट. कोर्टात साक्षीदार आपली जबानी फिरवतो तेव्हा त्याची पहिली जबानीही जाते आणि दुसरीही. हे मी रोज पाहतो.

तुला संताप आला आहे, आणि संतापात माणसास वाटते की आपले मन सगळ्या जगास दिसले पाहिजे. कशासाठी? मन झाकून ठेवण्याची वस्तू आहे. ती मुलगी चार दिवसांनी येईल. पोरे विसरतात. तिच्या आईचे मनावर घेऊ नकोस. तिला तुझ्या अडचणी काय ठाऊक?

सखाराम माझा शाळासोबती आहे, हे तू विसरलीस. एका बाकावर बसून आम्ही मार खाल्ला आहे. तुला धक्का लागू नये याची तजवीज मी केलेली आहे. काय केली ते विचारू नकोस. दिवाळीची सुट्टी आहे, आप्पांना पोह्यांचे गोड करून घाल, आणि स्वस्थ राहा.

भिकाजी

*

मांडवी
१८ नोव्हेंबर १९३१

मामा,

विचारावं लागलं नाही. तुमची तजवीज सखारामपंतांनीच मला दाखवली.

सुट्टी संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, माझा कागद परत द्या, तुम्ही वाचलात तो त्याचा अर्थ नाही. ते रागावले नाहीत. आतून एक पाकीट आणलं. “अर्थ तुमच्या मामांनीच कळवला आहे,” म्हणाले. तुमचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. इंग्रजीत होतं. मला अडेल म्हणून त्यांनीच मराठीत वाचून दाखवलं: माझ्या भाचीला आपल्या अविचाराचा मनापासून पश्चात्ताप झाला आहे, ती तरुण विधवा आहे, भावनेच्या भरात वाहवली, तिच्या वतीने मी क्षमा मागतो.

तारीख बारा ऑक्टोबर. म्हणजे मला फारशी शिकवलीत त्यानंतर दोनच दिवसांनी. मी कागदावर सही करण्याच्याही आधी.

तुम्ही माझ्या मनाचं भाषांतर केलंत, मला न विचारता. आणि चुकीचं केलंत. पश्चात्ताप! हा शब्द माझ्या तोंडी कधी होता? मला दोन वर्षं छडीने पाटी लोटल्याची लाज वाटते. ती कुणी माझ्याकडून लिहून मागितली असती तर दहा कागद लिहून दिले असते.

मला लहानपणी वाटे, कोर्टात गरीब माणूस उभा राहतो, त्याचं साहेबाला कळत नाही, साहेबाचं त्याला कळत नाही, आणि मधे आमचे भिकूमामा असतात म्हणून न्याय होतो. मैत्रिणींना मी तसं सांगायची. आता एकच विचारते. तिथेही तुम्ही असंच करता का? माणूस काय म्हणाला ते सांगता, की काय म्हणाला तर बरं पडेल ते?

काशी अजून आलेली नाही. जानेवारीत कमिटीची बैठक आहे. मी जाणार आहे आणि तोंडाने सांगणार आहे. या वेळी मसुदा पाठवू नका.

मथुरा

*

गिरगाव
२० डिसेंबर १९३१

मथुरे,

महिना गेला. चार वेळा लिहायला बसलो, चारही कागद फाडले. ते कोर्टाच्या भाषेत होते. आज जसं बोलतो तसंच लिहितो.

तू विचारलंस, तिथेही असंच करता का. रोज नाही. एकदा केलं. त्याला बारा वर्षं झाली आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही.

एकोणीस साली दाभोळचा एक खलाशी कोर्टापुढे होता, भागोजी नावाचा. गोदीत एका मुकादमाने त्याच्या धाकट्या भावाला हातोडी फेकून मारली होती. भाऊ मेला, ते अपघातात गेलं. आठ दिवसांनी भागोजीने त्याच मुकादमाला त्याच हातोडीने ठार मारलं. गुन्हा कबूल होता. प्रश्न फक्त शिक्षेचा होता. साहेबाने मला सांगितलं, त्याला विचार, केल्याचं तुला काही वाटतं का?

मी विचारलं. त्याने पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, “सायब, मना आता कायबी वाटत नाय. आतलं सगळं मेलंय.”

मी इंग्रजीत सांगितलं, त्याला काही वाटत नाही. पुढचं वाक्य मी सोडलं. मला वाटलं, उगाच बोलण्याची पद्धत आहे, साहेबाला घाई आहे. साहेबाने मान हलवली आणि लिहून घेतलं की कैद्याला पश्चात्तापाचा लवलेश नाही. दोन्ही वाक्यांत ‘वाटत नाही’ होतं, मथुरे. पण भागोजीचं वाटणं दुःखाने जळून गेलेलं होतं, आणि मी सांगितलं ते दगडाचं होतं.

दुपारच्या सुट्टीत चहा पिताना माझ्या लक्षात आलं. कोर्ट पुन्हा बसल्यावर उठून एवढंच म्हणायचं होतं, माझी चूक झाली, कैद्याचं पुढचं वाक्य राहिलं. त्याच महिन्यात मुख्य भाषांतरकाराची जागा भरायची होती आणि नाव माझं होतं. मी उठलो नाही. त्याला काळं पाणी झालं. पिंजऱ्यातून जाताना त्याने माझ्याकडे बघून हात जोडले. त्याला वाटलं, मी त्याचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तो तिकडेच वारला. बायकोला कळवायचा कागद भाषांतराला माझ्याच टेबलावर आला. मी लिहिलं, ‘कळविण्यास सरकारास दिलगिरी वाटते की...’ अक्षर छान आलं होतं.

तुला मी शहाणपण शिकवत होतो ते त्या दिवसापासून शिकलेलं शहाणपण आहे. मन झाकून ठेवावं, कागद सांभाळावा, माणसाचं पुढे बघता येईल. तुझं पत्र येईपर्यंत मला ते शहाणपणच वाटत होतं.

सोबत सखारामच्या नावे पत्र आहे, उघडंच ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की मथुरेने मला कधीही पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं नव्हतं, ते मी मनचं लिहिलं, आणि मी ते परत घेतो. बैठकीत ते वाचून दाखव. किंवा दाखवू नकोस. तू ठरव.

भिकाजी

*

मांडवी
१७ जानेवारी १९३२

मामा,

तुमचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं नाही. आप्पांनी विचारलं, तुम्ही बरे आहात ना. मी म्हटलं, माहीत नाही. तुम्हाला बरं वाटेल असं काही माझ्याकडे लिहायला नाही, आणि शोधूनही काढणार नाही. पण तुम्ही मला खरं सांगितलंत, म्हणून माझंही सगळं सांगते.

बैठक दहा तारखेला झाली. सातजण होते. मी तुमचं पत्र दिलं. सखारामपंतांनी ते मनात वाचलं आणि बाजूला ठेवलं. मी म्हटलं, “मोठ्याने वाचा. पहिला कागद अंगणात वाचला होतात.” वाचावं लागलं.

मग म्हणाले, “ठीक आहे. पश्चात्ताप नाही. मग दिलगीर आहे असं लिहून दिलंत ते काय होतं?”

“ती माझी लबाडी होती.”

“मग आता नक्की काय वाटतं ते तरी सांगा.”

“संताप.”

“कोणाचा?”

“तुमचा. माझा. त्या छडीचा. मुलीचा हात मी जाणूनबुजून धरला. उद्या शाळेत आले तर उद्याही धरीन. परवाही.”

एकजण म्हणाले, बाई, शब्द जपून वापरा. मी म्हटलं, जपूनच वापरले होते, त्यानेच घात झाला. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबले नाही, घरी आले. हुकूम संध्याकाळी शिपायाबरोबर आला. तीन वर्षं सात महिन्यांची माझी नोकरी दीड ओळीत संपली.

घरी न जाता आधी महारवाड्यात जायला हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्या वाटेला मी जन्मात पहिल्यांदा गेले. घर विचारत जावं लागलं. सोनूबाई दारात भात कांडत होती. मी म्हटलं, “सांगितलं त्यांना. जाणून धरला म्हणून.”

तिने मुसळ थांबवलं नाही. “आनि?”

“काढून टाकलं मला.”

आता थांबली. “मग आता ही शिकायची कुठं?” बघा मामा, तिने माझी कीव केली नाही. तिने कामाचं ते विचारलं. मला ते फार बरं वाटलं.

आप्पांची बंदराकडे खोप आहे, शिडं आणि दोर ठेवायची. त्यांनी आपण होऊन किल्ली दिली. परवापासून तिथे बसते. पहिल्या दिवशी काशी आणि त्या दोघी. काल पाच. त्यातल्या एकीचा बाप खारवी, एकीचा भंडारी, माझ्याच वर्गातल्या होत्या, घरी सांगून आल्या. रात्री कुणीतरी खोपीच्या दाराला शेण फासलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून धुतलं, मग पाढे म्हटले.

महिपतराव पालीहून न्यायला आले होते. खळ्यात उभे राहून म्हणाले, “वहिनी, बोभाटा पुरे झाला, सामान बांधा.” मी काही बोलायच्या आत आप्पा काठी टेकून उठले. दोन महिने जागचे उठले नव्हते. “म्हयपतराव, पानी प्या आनि निघा. तुमची चूल तुमी पेटवा. माजी लेक पेटवायला लागली तर आदी तुमचं छप्पर जळंल.” गेले बिचारे, पाणी न पिताच.

भागोजीला कोणी होतं का? बायको होती असं तुम्ही लिहिलंत. ती जिवंत आहे का? तुम्ही मला सांगितलंत, पण त्यात माझा काय संबंध? सोनूबाईने मला जे म्हटलं होतं तेच तुम्हाला म्हणते.

मथुरा

*

दाभोळ
२३ फेब्रुवारी १९३२

मथुरे,

पत्त्याकडे बघून तुला कळलंच असेल. रजा टाकून शुक्रवारच्या आगबोटीने आलो. चार दिवस धर्मशाळेत राहिलो आहे.

भागोजीची बायको जिवंत आहे. येसूबाई. धक्क्यावर मासळी विकते. चाळिशीची असेल, केस सगळे पांढरे. पहिल्या दिवशी मी लांबून बघून परत आलो. दुसऱ्या दिवशीही. काल सकाळी तिची पाटी रिकामी झाली तेव्हा पुढे गेलो आणि नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि मग ते सांगितलं. भागोजीचे शब्द त्याच्याच बोलीत सांगितले. बारा वर्षं ते माझ्याकडेच होते, तिचे असून.

तिने पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “म्हंजे तुमीच त्ये.”

“होय.”

“मना सरकारचा कागद आला व्हता. वाचनाऱ्यानं सांगितलं, सरकारला लय वायट वाटलंय. आनि गाव म्हनायचं, कोर्टात इचारलं तर भाग्या बोलला मना कायबी वाटत नाय. म्हनं सायबानंच लिवलंय. बारा वरसं ऐकतेय. सरकारला वायट वाटलं आनि माज्या घोवाला वाटलं नाय! भावाच्या मढ्यावर ज्यो आठ दिस जेवला नाय, त्येला?”

मी म्हटलं, मला फार वाईट वाटतं. ‘दिलगीर’ तोंडाशी आला होता, तो गिळला. ती म्हणाली, “तुमच्या वाटन्याचं मी काय करू? रांधू? उद्या सकाळी हतंच या. मानसं असतील तवा या. आनि समद्यांना सांगा.”

आज सकाळी गेलो. होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता, शंभर-सव्वाशे माणूस होतं. तिने लिलाव करणाऱ्याला हाताने थांबवलं आणि मला एका उपड्या होडीपाशी उभं केलं. कोर्टात मी सत्तावीस वर्षं बोललो, पण दुसऱ्याचंच. स्वतःचं आज पहिल्यांदाच. मी सांगितलं, मी कोण, काय ऐकलं, काय सांगितलं, काय गाळलं आणि का गाळलं. बढतीचंही सांगितलं. कोणीतरी मागून शिवी दिली. एका म्हाताऱ्याने मुंडासं काढून हातात घेतलं. तो भागोजीबरोबर गलबतावर होता म्हणे.

गावचे एक मानकरी समजुतीने म्हणाले, “जाऊं दे येसू. मानूस एवढ्या लांबून आला, चूक कबूल क्येली. झालं त्ये झालं.”

“झालं नाय,” येसूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माजा लेक म्हमईला गिरनीत हाय. त्याच्या बापाला कोडगा म्हनलेलं ऐकत त्यो वाढला. शिमग्याला गावात येतो. तवा ह्येनं परत यायचं आनि त्येच्या म्होरं परत सांगायचं. आख्ख्या गावासमोर. त्येनं काय करायचं त्ये त्यो ठरवंल.”

मग तिने पाटी उचलली आणि लिलाव पुढे सुरू झाला. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

शिमगा पुढच्या महिन्यात आहे. मी येणार आहे. तिचा मुलगा आता अठरा वर्षांचा, बापासारखाच उंच आहे म्हणतात. तो काय करील ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते, हेही तुला लिहितो. तरी येणार आहे.

तूही चल, असं लिहिणार होतो. पण शिमग्यातही तुझी शाळा चालू असेल.

भिकाजी